विजेची बाटली आणि 1859 चे औरंगाबाद: हौशी शोधकाची ऐतिहासिक रहस्यकादंबरी कशी रचावी

परभणीच्या एका तरुण लेखकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. 1859 च्या औरंगाबादेत घडणारी एक रहस्यकादंबरी ते लिहीत आहेत. तीत एका सावकाराचा खून लायडनच्या बाटलीत साठवलेल्या विजेने होतो, लोक त्याला दैवी कोप समजतात आणि कोतवालीशी काहीही संबंध नसलेला एक जिज्ञासू माणूस त्याचा उलगडा करतो. अशा कादंबरीतले विज्ञान कितपत खरे असावे, शोध घेणारा माणूस कोण असावा आणि उलगडा आधीच न फोडता वाचकाला विजेचे ज्ञान कसे द्यावे, असे त्यांनी विचारले आहे. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत आले आणि या काळावरच्या रहस्यकथा लिहिणे व नव्या लेखकांची हस्तलिखिते तपासणे हे काम दीर्घकाळ करत आहे; त्या आधारावर हे उत्तर देते.

पहिली गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. आपल्या कादंबरीतला खून त्या साधनाने होत नाही. लायडनची बाटली 1745 मध्ये जर्मन संशोधक क्लाइस्ट यांना आणि 1746 च्या प्रारंभी नेदरलँड्समधील लायडन येथील मुसेनब्रुक यांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सापडली. काचेच्या बाटलीला आतून व बाहेरून धातूचा पातळ थर दिला आणि आतला थर घर्षणयंत्राने, म्हणजे काच घासून वीज निर्माण करणाऱ्या यंत्राने, भारित केला की तिच्यात विद्युतभार साठतो, आणि दोन्ही थरांना एकदम स्पर्श करणाऱ्याला जबर झटका बसतो. त्याच वर्षी फ्रान्समध्ये नोले यांनी राजासमोर 180 सैनिकांना हातात हात धरून उभे केले आणि बाटलीच्या एका झटक्यात सगळी रांग उडवून दाखवली. त्यांतला एकही सैनिक मेला नाही. हिशेबही तेच सांगतो. लिटरभराची साधी बाटली तीस हजार व्होल्टपर्यंत भारित केली, तरी तिच्यातली ऊर्जा अर्ध्या ज्यूलच्या आसपासच राहते. सुरक्षिततेच्या आजच्या हिशेबात दहा ज्यूलच्या पुढे धोका गंभीर मानतात. 1750 च्या डिसेंबरात टर्की पक्षी मारण्याचा प्रयोग करताना फ्रँकलिन यांना दोन मोठ्या बाटल्यांचा झटका चुकून स्वतःलाच बसला. ते काही काळ बेशुद्धासारखे झाले, अंग दुखत राहिले, पण ते वाचले आणि पुढे चाळीस वर्षे जगले. माणूस खात्रीने मारायचा तर खोलीभर बाटल्या, त्या भरायला मोठे यंत्र आणि ते फिरवणारा माणूस असा सारा पसारा लागेल. नेदरलँड्समधील हार्लेममध्ये फान मारुम या शास्त्रज्ञासाठी 1784 मध्ये असे यंत्र खरोखर बांधले गेले होते. त्याच्या काचेच्या तबकड्यांचा व्यास दीड मीटरहून अधिक होता, आणि असले यंत्र औरंगाबादेच्या वाड्यात कोणाच्या नकळत बसवता येणार नाही.

म्हणून माझा आग्रह असा आहे की 1859 च्या विजेला काय जमत होते यापेक्षा काय जमत नव्हते, यावर उलगडा उभा करावा. बाटलीने माणूस मरत नाही, हे ज्याला ठाऊक आहे तोच आपला शोधक. आणि ती मारते असे ज्यांना वाटते, ते बाकी सारे गाव. खून साध्या रीतीने व्हावा, डोक्यात घाव घालून किंवा विष देऊन, आणि प्रेत वीज पडून मेलेल्या माणसासारखे मांडून ठेवलेले असावे. बाटली मात्र कथेतून काढू नका. तिला आधीच्या प्रकरणांत वेगळे काम द्या: एखाद्या मठीत धातूच्या मूर्तीला हात लावताच भक्ताला झटका बसतो, आणि तो चमत्कार म्हणून दूरवर गाजतो. सावकाराने ती लबाडी ओळखली आणि म्हणून त्याचा जीव गेला, एवढे कारण खुनाला पुरेसे आहे.

या मांडणीत मराठवाड्याचे हवामान आपोआप पुराव्याचे काम करू लागते. घर्षणाने निर्माण होणारी वीज कोरड्या हवेत टिकते आणि दमट हवेत काचेवर जमलेल्या ओलाव्यावरून वाहून जाते. आपल्याकडे कार्तिकापासून वैशाखापर्यंत हवा इतकी कोरडी असते की असे यंत्र उत्तम चालावे, आणि आषाढ-श्रावणाच्या झडीत तेच यंत्र कितीही फिरवले तरी ठिणगी देणार नाही. मग मठीतला चमत्कार पावसाळ्यात का थांबतो, हा प्रश्न एखाद्या म्हातारीच्या तोंडी सहज येऊ द्यावा. 'देव चातुर्मासात निजतो' हे उत्तर ऐकून वाचकाचे समाधान व्हावे आणि शोधकाचे होऊ नये. आकाशातल्या विजेचेही तसेच आहे. मराठवाड्यात कडकडाट होतो तो वळवाच्या पावसात आणि पुढे परतीच्या पावसात, हस्त-चित्रांच्या सुमारास. श्रावणाच्या संथ भुरभुरीत वीज पडून माणूस जाणे फारच विरळा. गुन्हेगार परगावचा, उत्तर हिंदुस्थानातला असेल आणि पाऊस म्हटला की वीज आलीच असे धरून चालला असेल, तर खुनाची तिथीच त्याच्याविरुद्ध साक्ष देईल. असा दुवा वाचकासमोर पहिल्या पानापासून उघडा असतो, आणि तरीही तो कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रेताच्या तपासणीवर मी सर्वांत जास्त पाने खर्च करीन, कारण खरी मेजवानी तिथे आहे. वीज पडून मेलेल्या माणसाचे बारकाईने केलेले वर्णन त्या काळी उपलब्ध होते. 1753 मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे रिखमान नावाचे शास्त्रज्ञ घरात आणलेल्या विद्युतदंडाजवळ उभे असताना वीज येऊन मेले. त्यांच्या कपाळावर लाल डाग होता आणि एका पायाचा जोडा फाटला होता, असे तपशील युरोपभर छापले गेले. वीज पडलेल्या माणसाचे कपडे फाटणे, केस होरपळणे, कानाचा पडदा फुटणे, अंगावरचा दागिना जागोजागी वितळणे ही लक्षणे शोधक पाहू शकतो. कधीकधी कातडीवर नेच्याच्या पानासारखी लालसर नक्षी उमटते. ती सर्वांच्याच अंगावर उमटत नाही, आणि उमटली तरी साधारण दिवसभरात विरून जाते. नक्षी रंगाने किंवा डागण्या देऊन बनवलेली असेल आणि ती तिसऱ्या दिवशीही तशीच असेल, तर तो बनाव उघडा पडतो. जवळ बांधलेले जनावर जिवंत कसे, हाही विचारण्याजोगा प्रश्न आहे. झाडावर वीज पडली की जमिनीतून पसरणारा प्रवाह चार पायांच्या जनावराला अधिक बाधतो, कारण त्याच्या पुढच्या व मागच्या पायांतले अंतर मोठे असते आणि प्रवाह थेट छातीतून जातो. याचे शास्त्र नंतरचे आहे, पण झाडाखाली आधी बैल जातो हा अनुभव शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे, तेव्हा हे वाक्य शोधकाच्या नव्हे तर सालगड्याच्या तोंडी द्यावे.

याहून सुंदर पुरावा लोखंडाचा आहे. 1731 मध्ये इंग्लंडमधील वेकफील्ड येथे एका दुकानावर वीज पडली आणि पेटीतल्या सुऱ्या-काट्यांना चुंबकत्व आले. ही हकिकत काही वर्षांत लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली, त्यामुळे 1859 च्या शोधकाला ती ठाऊक असणे पूर्णपणे शक्य आहे. सावकाराच्या उशाशी असलेला अडकित्ता, कमरेच्या किल्ल्या, कोपऱ्यातली पहार यांच्याजवळ शोधक होकायंत्र नेतो. खरी वीज पडली असती तर सुई जोराने वळायला हवी होती. ती हलत नाही. मात्र येथे एक सावधगिरी पाळावी. वर्षानुवर्षे उभी ठेवलेली पहार पृथ्वीच्या चुंबकत्वाने स्वतःच थोडी चुंबकित होते, आणि लोहाराने ठोकलेल्या लोखंडातही ते येते. इंग्रज शास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी 1600 मध्येच हे लिहून ठेवले आहे. म्हणून शोधकाने शेजारच्या घरातल्या पहारीचीही तीच चाचणी घ्यावी, आणि पहिल्या चाचणीत पहारीपाशी सुई किंचित हलल्यामुळे दोन-तीन प्रकरणे तो चुकीच्या दिशेने जावा. वाचकाची दिशाभूल करायची ती अशा प्रामाणिक मार्गाने.

साहित्याचा प्रश्न आपण विचारला नव्हता, पण हस्तलिखिते नेमकी तिथेच लटकी पडतात. लेखक सगळी उपकरणे विलायतेहून पेटीतून आणवतात. त्याची गरज नाही. काचेच्या जाड बाटल्या जालन्याच्या आणि औरंगाबादच्या छावणीतून सहज मिळतील, कारण तिथे हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांखाली ठेवलेल्या फौजेच्या, पलटणी होत्या. आतून-बाहेरून द्यायच्या धातूच्या थरासाठी मिठाईवर लावतात तो चांदीचा वर्ख चालेल. विद्युतरोधक म्हणून लाख आणि रेशीम लागते: लाख कासाराच्या किंवा लाखेच्या बांगड्या करणाऱ्याच्या दुकानात, आणि रेशीम पैठणच्या विणकरांकडे किंवा औरंगाबादेत हिमरू विणणाऱ्यांकडे. बांगड्यांचा हंगाम नसताना कोणी शेरावारी लाख नेली, हे बांगडीवाला विसरणार नाही, आणि असा साक्षीदार कोणत्याही शास्त्रीय पुराव्याइतका मोलाचा आहे. शोधकालाही त्याच वर्खाचा उपयोग करू द्या. 1787 मध्ये बेनेट यांनी सोन्याच्या वर्खाच्या दोन पट्ट्या बाटलीत टांगून विद्युतभार ओळखणारे उपकरण प्रसिद्ध केले होते. भार जवळ येताच दोन्ही पट्ट्या एकमेकींपासून दूर होतात. मठीच्या ओसरीत बसून झोळीतल्या बाटलीत वर्ख फाकताना पाहणारा माणूस, हे दृश्य मला फार आवडेल. ते हिवाळ्यात घडवावे, एवढेच.

व्होल्टा यांच्या स्तंभाबद्दलही, म्हणजे विजेच्या पहिल्या बॅटरीबद्दल, दोन शब्द लिहिते, कारण 1800 नंतरच्या कथेत तो नसेल तर वाचकाला उणीव भासेल. जस्त आणि तांबे यांच्या चकत्या आलटून-पालटून रचायच्या आणि मध्ये खाऱ्या पाण्यात भिजवलेले कापड घालायचे. बिदरी कामाचा, म्हणजे चांदीची नक्षी जडवलेल्या काळ्या भांड्यांचा, धातू बहुतांशी जस्तच असतो, त्यात थोडे तांबे मिसळलेले असते. तेव्हा फुटक्या बिदरी हुक्क्याचे तुकडे आणि तांब्याची नाणी यांतून दख्खनी शोधक स्वतःचा स्तंभ रचू शकतो. वीसेक जोड्यांचा स्तंभ ओल्या बोटांना झिणझिण्या देईल, सुई हलवील. त्याने ठिणगी उडणार नाही आणि माणूसही दचकून मागे पडणार नाही. पण पावसाळ्यात तो चालतो, आणि बाटली चालत नाही. या एका फरकावर एक अख्खे प्रकरण उभे राहू शकते.

1859 हे साल आपण निवडले, हे कदाचित सहज झाले असेल, पण त्याच्याइतके समृद्ध साल मिळणे अवघड. त्या वर्षी 2 सप्टेंबरला, म्हणजे भाद्रपदात गणेशचतुर्थीच्या अगदी लगत, आजवर नोंदलेल्या सर्वांत प्रचंड चुंबकीय वादळांपैकी, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वात अचानक माजणाऱ्या खळबळींपैकी, एक पृथ्वीवर आले. युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, बॉस्टन आणि पोर्टलंड यांच्यामधल्या तारखात्याच्या माणसांनी बॅटऱ्या काढून ठेवून केवळ त्या आगंतुक प्रवाहावर काही काळ संदेश पाठवले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्या दिवशी पृथ्वीच्या चुंबकत्वाचा क्षितिजसमांतर घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) खाली आल्याची नोंद झाली, आणि ती नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ अभ्यासतात. या वेधशाळेत बाळशास्त्री जांभेकर आणि केरो लक्ष्मण छत्रे यांनी काम केले होते. मराठी माणूस सूक्ष्म चुंबकीय मोजमाप करू शकतो, हे सिद्ध करायला आपल्याला वेगळी कल्पना लढवावी लागत नाही. गुन्हेगार जर म्हणत असेल की त्या दिवशी आपण मुंबई-आग्रा मार्गावरच्या एका तारकचेरीत बसून मुंबईशी सुरळीत संदेशांची देवाणघेवाण करत होतो, तर कुलाब्याहून आलेले एक पत्र त्याचा दावा संशयास्पद ठरवू शकते. त्या मार्गावर बिघाड झाला असे दाखवणे ही कादंबरीकाराची मुभा आहे; वादळ मात्र खरे आहे. आणखी एक काळजी घ्यावी: शोधकाच्या खिशातले होकायंत्र त्या दिवशी गरगर फिरले, असे लिहू नये. 1600 हा आकडा मोठा असला तरी मुंबईच्या एकूण क्षितिजसमांतर घटकाच्या चार टक्क्यांच्या आसपासच आहे, आणि साध्या सुईत तो नजरेला येणार नाही.

तारेचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते. कंपनी सरकारातले डॉक्टर ओशॉनेसी यांनी 1839 मध्ये कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले, 1854 च्या मार्चमध्ये आग्र्याहून कलकत्त्याला संदेश गेला आणि 1855 पासून सामान्य लोकांना तार करता येऊ लागली. सुरुवातीचे यंत्र सुईचे होते. सुई डावी-उजवीकडे हलताना पाहून अक्षरे लिहून घ्यायची, त्यामुळे मागे काही पुरावा उरत नसे. पुढे आलेल्या मोर्स यंत्राने कागदी पट्टीवर खुणा उमटू लागल्या. पट्टी उरते आणि सुई उरत नाही, हा फरक रहस्यकथेत सोन्याच्या मोलाचा आहे. तारेने खुनी पकडला जाण्याची खरी घटना 1845 च्या 1 जानेवारीला इंग्लंडमध्ये घडली. जॉन टॉवेल हा विष देऊन स्लाउहून आगगाडीने निघाला आणि त्याच्या आधी त्याचे वर्णन तारेने लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावर पोचले. त्याने क्वेकर पंथीयाचा पोशाख केला होता, पण त्या यंत्रात 'क्यू' हे अक्षरच नव्हते, म्हणून शब्द वेडावाकडा लिहून पाठवावा लागला आणि पलीकडच्या माणसाला तो चटकन कळेना. यंत्राच्या उणिवेतून ताण कसा निर्माण होतो, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

आता शोधक कोण असावा. इंग्रज डॉक्टर किंवा साहेबाचा हुशार मदतनीस घेऊ नका. ती वाट फार मळलेली आहे. 1859 मध्ये सालारजंग हैदराबाद संस्थानचे दिवाण होते, पण जिल्हाबंदी, म्हणजे मुलुखाची जिल्ह्यांत रीतसर विभागणी, व्हायला 1865 उजाडायचे होते. शहरात कोतवाल, गावात पाटील आणि जागल्या, मुलुखात रोहिल्यांचा उपद्रव, सत्तावनच्या जूनमध्ये औरंगाबादच्या छावणीत झालेल्या बंडाची आणि त्यानंतरच्या शिक्षांची आठवण ताजी, असा तो काळ आहे. गुन्ह्याचा शिस्तशीर तपास करणारी यंत्रणाच नसल्यामुळे हौशी माणसाला जागा मिळते, आणि ते कारण कथेत दिसले पाहिजे. मराठवाड्याचे खास वैशिष्ट्य म्हणजे येथे पुरावा एका लिपीत मिळत नाही. सावकाराच्या वह्या आणि गावचे दफ्तर मोडीत, सरकारी कामकाज फारसीत, आणि विज्ञानाचे नवे पुस्तक उर्दूत. हैदराबादचे अमीर शम्स-उल-उमरा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य विज्ञानाची पुस्तके उर्दूत करवून छापली. त्यांच्या 'सित्ता-ए-शम्सिया' या सहा पुस्तकांच्या मालेत विद्युतविज्ञानाचाही समावेश होता. म्हणून मी एका माणसाऐवजी दोघे घेईन: मोडी वाचणारी, वयाने पोक्त, देशपांडे घराण्यातली विधवा बाई आणि उर्दू-फारसी जाणणारे एक वृद्ध हकीम. बाईंना माजघरापर्यंत जाता येते, हकिमांना दिवाणखान्यापर्यंत. ते त्यांना 'बाईसाहेब' म्हणतील, त्या त्यांना 'हकीमसाहेब' म्हणतील, आणि दोघांच्या बोलण्यात दख्खनी आणि मराठी जशी औरंगाबादेत खरोखर मिसळते तशी मिसळेल. विजेबद्दल वाचलेले हकीम आणि वहीतली खाडाखोड ओळखणाऱ्या बाई, या दोघांच्या संवादातूनच वाचकाला विज्ञान कळत जाईल.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. विज्ञान समजावून सांगायला स्वतंत्र परिच्छेद घालू नये. ते कोणाच्या तरी चुकीतून, भीतीतून किंवा हाताच्या कामातून यावे. हकिमांनी बाटली भरून दाखवावी, बाईंच्या नातवाने ती मना करूनही धरावी आणि किंचाळून सोडून द्यावी. बाटलीने माणूस मरत नाही हे वाचकाने त्या प्रकरणात डोळ्यांनी पाहिलेले असते, आणि शंभर पानांनंतर सावकाराच्या खुनाचा विचार करताना तेच त्याला आठवायला हवे. पात्रांच्या तोंडी 'व्होल्ट' किंवा 'अँपिअर' घालू नयेत. ही एकके 1881 च्या पॅरिस परिषदेत ठरली. 'इलेक्ट्रॉन' तर त्याहून नंतरचा. त्या काळचे वाचक विजेला एक प्रकारचा अदृश्य द्रव समजत, जो कुठे जास्त साठतो आणि कुठे कमी पडतो; हकीमही तसेच बोलतील, आणि त्या चुकीच्या कल्पनेतूनही ते बरोबर निष्कर्षाला पोचतील.

तारखांसाठी शके, हिजरी आणि फसली (निजामाच्या राज्यातला महसुली सन) या तिन्ही गणना जवळ ठेवा. फसली सालात सुमारे 590 मिळवले की इसवी सन येतो, तेव्हा कथेतला दस्तऐवज फसली 1269 च्या आसपासचा असेल. स्थळांसाठी 1884 चे औरंगाबादचे गॅझेटियर आणि या भागात नळदुर्गला अधिकारी राहिलेल्या मेडोज टेलर यांचे आत्मचरित्र वाचावे. रस्ते, डाक आणि बाजार यांचे तपशील तिथे भरपूर मिळतात. रेल्वे मात्र आणू नका. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा जाणारा मीटरगेज मार्ग शतकाच्या अगदी अखेरीस, 1900 च्या सुमारास सुरू झाला.

कादंबरीच्या शेवटी दोन पानांचे टिपण जरूर जोडा, आणि त्यात खरे काय व कल्पित काय ते सरळ सांगा: कुलाब्याची नोंद, वेकफील्डच्या सुऱ्या, रिखमान यांचा मृत्यू आणि शम्स-उल-उमरांची पुस्तके खरी, मठी, सावकार, तारकचेरीतला बिघाड आणि बाई-हकिमांची जोडी कल्पित. हस्तलिखितातले खुनाचे प्रकरण बदलून झाल्यावर सर्वांत आधी त्या रात्रीची तिथी, नक्षत्र आणि हवा पुन्हा तपासून पाहा, कारण आता सारा उलगडा त्यांच्यावर उभा राहणार आहे.